सेरेंडिपिटी म्हणजे नुसतं नशीब नव्हे

ऑक्टोबर आला की नोबेल पुरस्कारांच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग एक इंग्रजी शब्द हमखास येतो: सेरेंडिपिटी. अमुक शोध सेरेंडिपिटीने लागला, तमुक औषध सेरेंडिपिटीने हाती आलं. मराठी बातमीत त्याचं 'योगायोगाने', 'अपघाताने' किंवा थेट 'नशिबाने' होतं. हल्ली तर हा शब्द प्रयोगशाळेबाहेरही मजेत फिरतो. कॅफेच्या पाटीवर दिसतो, इन्स्टाग्रामवर फोटोखाली दिसतो. लोकलमध्ये शाळेतला मित्र भेटला, सेरेंडिपिटी. हव्या त्या रंगाची साडी सेलमध्ये मिळाली, सेरेंडिपिटी.

ज्या माणसाने हा शब्द घडवला त्याने मात्र त्यात दोन गोष्टी घातल्या होत्या, योगायोग आणि चाणाक्षपणा. वापरता वापरता त्यातला चाणाक्षपणा गळून पडला आणि योगायोग तेवढा उरला. माझी तक्रार भाषेच्या शुद्धतेबद्दल नाही. पण हा अर्धा भाग गळाल्यामुळे विज्ञान कसं घडतं याबद्दल आपली समजूत चुकते, आणि मुलांना विज्ञान शिकवतानाही ती चूक आपल्याला भोवते.

## एका पत्रात जन्मलेला शब्द

तारीख २८ जानेवारी १७५४. इंग्लंडचा होरेस वॉलपोल आपल्या मित्राला पत्र लिहीत होता. वॉलपोल हा रॉबर्ट वॉलपोल या ब्रिटनच्या पहिल्या पंतप्रधानाचा मुलगा. जुनी चित्रं, जुनी पुस्तकं, जुन्या घराण्यांचे तपशील यांचा नाद असलेला आणि आयुष्यभर पत्रं लिहीत राहिलेला माणूस. मित्राचं नाव होरेस मान. तो इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ब्रिटनचा राजदूत होता.

मानने त्याला बियांका कापेल्लो नावाच्या सोळाव्या शतकातल्या एका राजस्त्रीचं चित्र पाठवलं होतं. त्यानंतर व्हेनिसमधल्या घराण्यांच्या चिन्हांचं एक जुनं पुस्तक चाळताना वॉलपोलला कापेल्लो घराण्याच्या चिन्हाबद्दल एक बारीकशी गोष्ट सापडली. ती त्याने नेमून शोधली नव्हती, पण दिसताक्षणी त्याला तिचं मोल कळलं. हा प्रकार आपल्या बाबतीत नेहमी घडतो आणि मी त्याला सेरेंडिपिटी म्हणतो, असं त्याने मित्राला कळवलं.

शब्दाचा खुलासाही त्याने तिथेच केला. सेरेंदिपच्या तीन राजपुत्रांची एक परीकथा त्याने कधीतरी वाचली होती. हे राजपुत्र प्रवास करता करता, योगायोगाने आणि चाणाक्षपणाने, आपण शोधत नसलेल्या गोष्टींचा छडा लावत. पुढे त्याने एक अटही घातली: जी गोष्ट तुम्ही शोधतच होता ती सापडली, तर ती सेरेंडिपिटी नाही.

म्हणजे व्याख्येचे तीन भाग झाले. सापडलेली गोष्ट शोधात नसलेली हवी, ती योगायोगाने समोर यायला हवी, आणि तिचा अर्थ लावणारी नजर हवी.

## सेरेंदिप म्हणजे कोणता देश?

श्रीलंका. संस्कृतात सिंहलद्वीप, अरबी व्यापाऱ्यांच्या तोंडी सरनदीब, फारसीत सरंदीप. तिथला गोष्टीचा धागा वॉलपोलपर्यंत पोचला तो मात्र दिल्लीवरून.

अमीर खुसरो हे नाव आपल्याला कव्वालीमुळे ठाऊक असतं. त्यांनी १३०२ च्या सुमाराला 'हश्त बिहिश्त', म्हणजे आठ स्वर्ग, हे फारसी काव्य रचलं. इराणचा राजा बहराम आठवड्याचा एकेक दिवस एकेका रंगाच्या महालात जातो आणि तिथली राजकन्या त्याला गोष्ट सांगते, अशी त्याची मांडणी आहे. शनिवारी काळ्या महालात हिंदुस्थानची राजकन्या जी गोष्ट सांगते, ती सरंदीपच्या तीन राजपुत्रांची. व्हेनिसमध्ये १५५७ साली फारसीवरून बेतलेलं एक इटालियन पुस्तक छापलं गेलं, त्यात ही गोष्ट आली. तिथून ती फ्रेंचमध्ये गेली, फ्रेंचमधून इंग्रजीत.

गोष्ट सांगण्यासारखी आहे. राजपुत्रांना वाटेत एक उंटवाला भेटतो. त्याचा उंट हरवलेला असतो. उंट न पाहताच राजपुत्र त्याला विचारतात: तो एका डोळ्याने आंधळा आहे ना? एक दात पडलाय ना? एका पायाने लंगडतो ना? त्याच्या एका बाजूला लोणी आणि दुसऱ्या बाजूला मध लादलाय ना? सगळं बरोबर निघतं, आणि म्हणूनच उंटवाल्याला वाटतं की चोर हेच. राजासमोर खटला उभा राहतो. तेव्हा ते उलगडा करतात. रस्त्याच्या एकाच बाजूचं गवत खाल्लेलं होतं, तेही चांगलं गवत दुसऱ्या बाजूला असताना. म्हणजे त्या बाजूचा डोळा गेलेला. वाटेत चावलेल्या गवताचे दाताएवढे बोळे पडले होते, म्हणजे ते पडलेल्या दाताच्या फटीतून गळलेले. मातीत तीन पावलांचे ठसे नीट होते आणि चौथं फरफटलेलं होतं. वाटेच्या एका कडेला मुंग्यांची रांग होती, दुसऱ्या कडेला माशा. मुंग्या लोण्याला आणि माशा मधाला.

वॉलपोलने पत्रात उंटाचं खेचर केलंय, आठवणीतून लिहीत असल्यामुळे. पण गोष्टीचा गाभा त्याने नेमका उचलला. त्या रस्त्याने बाकीचेही लोक गेलेच असतील. मुंग्या त्यांच्याही पायाखाली होत्या.

वॉलपोलची ही पत्रं त्याच्या मृत्यूनंतर, एकोणिसाव्या शतकात छापली गेली. पुढे कितीतरी वर्षं हा शब्द ग्रंथप्रेमी आणि जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या वर्तुळातच राहिला. विज्ञानात तो रुळला विसाव्या शतकात. हार्वर्डमधले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात त्यावर एक प्रकरणच लिहिलं.

## नशीब, यशस्वी शोध आणि सेरेंडिपिटी यांत फरक काय?

समजा, रेशनकार्ड शोधायला तुम्ही घरातलं जुनं लोखंडी कपाट उपसायला काढलंत. रेशनकार्ड सापडलं. हा यशस्वी शोध. साडीच्या घडीतून पाचशेची नोट निघाली. हे नशीब, पाचशेची नोट ओळखायला काही अभ्यास लागत नाही. मग खालच्या खणातून आजोबांच्या वेळचं एक खरेदीखत निघालं. मोडी वळणाची सही, पिवळा पडलेला कागद. घरातल्या तिघांनी ते हातात घेतलं आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. चौथीला गावाकडच्या विहिरीवरून शेजाऱ्याशी चाललेला वाद माहीत होता. तिने खताची घडी उलगडून चतुःसीमा वाचल्या: पूर्वेस सामाईक विहीर. शेजारी जिला स्वतःची म्हणत होता, ती विहीर कागदावर सामाईक होती.

कागद चौघांच्याही हातात आला होता. सेरेंडिपिटी फक्त चौथीच्या वाट्याची. योगायोग तर सगळ्यांसाठी सारखाच होता, फरक पडला तो तिला आधीपासून जे माहीत होतं त्याने.

आपल्याकडे योगायोगासाठी शब्द कमी नाहीत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. किडा लाकूड पोखरतो आणि नकळत एखादं अक्षर उमटतं, तो घुणाक्षर न्याय. पण कावळ्याला किंवा किड्याला काय घडलं याचा पत्ताही नसतो. सेरेंडिपिटी असेलच तर ती लाकडाकडे बघून 'अरे, हे अक्षर आहे' असं ओळखणाऱ्याची.

अक्षर ओळखण्यावरून मला या विषयातलं सर्वांत आवडतं उदाहरण सांगायचं आहे.

## सांचीचे तुकडे आणि ब्राह्मी लिपी

अशोकाचे शिलालेख देशभर उभे होते, पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कुणालाच वाचता येत नव्हते. ब्राह्मी लिपीची ओळखच पुसली गेली होती. जेम्स प्रिन्सेप हा कोलकात्याच्या टांकसाळीत नाण्यांच्या धातूचा कस तपासणारा अधिकारी. शिवाय तो तिथल्या एशियाटिक सोसायटीचा सचिव होता आणि तिच्या नियतकालिकाचं संपादनही करत होता. काही वर्षं तो या अक्षरांशी झटत होता.

१८३७ मध्ये कॅप्टन एडवर्ड स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने त्याला सांचीच्या स्तूपावरच्या लेखांचे ठसे पाठवले. स्तूपाच्या दगडी कठड्यावर ठिकठिकाणी कोरलेले छोटे छोटे लेख, काही तर एकेका ओळीचे. दिल्लीच्या अशोकस्तंभावरच्या लांबलचक मजकुरापुढे हे किरकोळ. प्रिन्सेप त्या वेळी ते वाचायला बसलाच नव्हता. छापायला द्यायचे म्हणून त्यांची जुळवाजुळव करत होता, म्हणजे निव्वळ संपादकाचं काम.

तुकडे एकाखाली एक लावताना त्याच्या लक्षात आलं की जवळजवळ सगळे त्याच दोन अक्षरांवर संपतात.

इतके छोटे लेख, एवढ्या वेगवेगळ्या जागी, आणि शेवट सगळ्यांचा एकच. म्हणजे हा एका मजकुराचा तुकडा नव्हे. प्रत्येक लेख स्वतंत्र आहे आणि प्रत्येकाचं काम एकच आहे. देवस्थानात ठिकठिकाणी कोरलेल्या छोट्या ओळी कशाच्या असतात? आपल्या गावच्या मंदिराच्या पायऱ्या आणि फरशा आठवा: अमुक यांच्याकडून देणगी. तर मग शेवटचा शब्द 'दानं' असणार. आणि त्या शब्दाच्या आधी वारंवार येणारं अक्षर 'स' असणार, म्हणजे 'अमक्याचं'. सौराष्ट्राच्या जुन्या नाण्यांवर काम करताना षष्ठीचा हा 'स' त्याच्या नजरेत बसलेला होता. द, न, स आणि अनुस्वार हाती आल्यावर उरलेली लिपी भराभर उलगडली, आणि ज्या दिल्लीच्या स्तंभाने इतकी वर्षं दाद दिली नव्हती तोही वाचता आला. 'देवानं पिय पियदसि', म्हणजे देवांचा लाडका पियदसि, असं म्हणवून घेणारा कुणी राजा बोलत होता.

हा पियदसि कोण, याचं उत्तर त्याच वर्षी आलं आणि तेही श्रीलंकेतून. तिथे नोकरीला असलेल्या जॉर्ज टर्नरला 'दीपवंस' या पाली ग्रंथात पियदस्सि म्हणजेच अशोक असा दाखला मिळाला. सिंहलद्वीपाच्या नावावरून आलेल्या शब्दाचं इतकं चपखल उदाहरण सिंहलद्वीपातच पुरं व्हावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

यात योगायोग किती? ठसे नेमके तेव्हा आले आणि एकत्र आले, एवढाच. नाण्यांचा अभ्यास, लिपीशी वर्षानुवर्षं घेतलेली झटापट आणि कंटाळवाणं काम करतानाही जागी असलेली नजर, हे सगळं त्याचं स्वतःचं. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर खांबांवर कोरलेली अक्षरं बघा. धेनुकाकट या गावच्या यवनांनी (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणत) दिलेल्या खांबांवर शेवटी 'थंभो दानं', म्हणजे खांबाचं दान, असंच आहे. आज ते वाचता येतं याच्या मुळाशी सांचीचे ते किरकोळ तुकडे आहेत.

## योगायोग घडूनही हुकतं ते कसं?

यासाठी एक्स-रेची गोष्ट दोनदा सांगायला हवी, कारण ती दोनदा घडली.

२२ फेब्रुवारी १८९०, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक आर्थर गुडस्पीड आणि छायाचित्रकार विल्यम जेनिंग्ज विजेच्या ठिणग्यांचे फोटो काढत होते. काम संपल्यावर गुडस्पीडने पाहुण्याला क्रूक्स नळी दाखवली. ही हवा जवळजवळ संपूर्ण काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातून वीज सोडली की ती चमकते. जवळच टेबलावर न वापरलेल्या फोटोच्या काचा होत्या आणि त्यांवर जेनिंग्जने नाणी ठेवली होती. घरी जाऊन काचा धुतल्यावर एकीवर गोल चकत्या उमटलेल्या दिसल्या. दोघांनाही अर्थ लागला नाही. काच बाजूला ठेवली गेली.

८ नोव्हेंबर १८९५, जर्मनीतलं व्युर्झबर्ग. विल्हेल्म राँटगेन तशाच नळीवर काम करत होता. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली आणि खोलीत अंधार. तरी थोड्या अंतरावरचा, रसायन लावलेला एक पडदा चमकताना दिसला. पुठ्ठ्यातून प्रकाश तर बाहेर येत नव्हता, मग पडद्यापर्यंत पोचत काय होतं? पुढचे कित्येक आठवडे त्याने जवळजवळ त्या खोलीतच काढले. नळी आणि पडदा यांच्यामध्ये कागद, लाकूड, पुस्तक, धातूचे पत्रे असं एकेक धरून पाहिलं. २२ डिसेंबरला बायकोचा हात फोटोच्या काचेवर ठेवून घेतला आणि त्यात हाडं आणि बोटातली अंगठी उमटली. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्याला मिळालं.

बातमी फिलाडेल्फियात पोचल्यावर गुडस्पीडला सहा वर्षांपूर्वीची काच आठवली. त्याने ती शोधून काढली, प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि लोकांसमोर मोकळेपणाने सांगितलं की हा फोटो पहिला असला तरी शोधाचं श्रेय आमचं नाही. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. वॉलपोलची व्याख्या त्याला बहुधा ठाऊकही नसेल, पण तो तिच्याशी प्रामाणिक राहिला.

## अजिंठाही असाच सापडला ना?

हे उदाहरण मराठी वाचकाच्या मनात आधी येणार. २८ एप्रिल १८१९, मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि वाघूर नदीच्या घळीत त्याला लेणी दिसली. योगायोग आहे, शोधात नसलेली गोष्टही आहे. चाणाक्षपणा कुठे आहे? आत जाऊन स्मिथने दहाव्या लेण्यातल्या खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. ते आजही दिसतं. शिवाय आसपासच्या गावकऱ्यांना ही लेणी माहीत होतीच. त्यामुळे माझ्या मते हे नशीब आहे, सेरेंडिपिटी नाही. तो मान द्यायचाच तर पुढे येऊन या लेण्यांचा काळ, शैली आणि विषय यांचा अर्थ लावणाऱ्या अभ्यासकांना द्यावा, आणि ते तर ठरवून आले होते.

## पण पेनिसिलिन म्हणजे निव्वळ नशीबच की!

असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण शाळेत गोष्ट तशीच सांगतात. अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवर गेला, बशी उघडी राहिली, बुरशी आली, औषध मिळालं.

सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बशीत बुरशी आली हे खरं. पण जिवाणूंच्या बशीला बुरशी लागणं ही रोजची कटकट असते, आणि लागली की बशी फेकून देतात. फ्लेमिंगला दिसलं ते बुरशीभोवतीचं मोकळं कडं. तिथले जिवाणू विरघळले होते. ते त्याच्या नजरेत का भरलं? कारण काही वर्षांपूर्वी त्यानेच नाकातल्या शेंबडात आणि अश्रूंमध्ये जिवाणू विरघळवणारा लायसोझाइम हा पदार्थ शोधला होता. विरघळणारे जिवाणू कसे दिसतात हे त्याच्या डोळ्यांना आधीच माहीत होतं.

आणि बशीपासून इंजेक्शनपर्यंतचा रस्ता अजिबात योगायोगाचा नव्हता. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी बुरशीतून औषध वेगळं काढण्यासाठी रीतसर, चिकाटीने काम केलं. १९४० च्या मे महिन्यात त्यांनी आठ उंदरांना घातक जिवाणू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिलं आणि ते जगले. उरलेले चार मेले. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळून मिळालं. पुढे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन आपल्याकडे बनू लागलं. त्यामागेही काटेकोर नियोजनच होतं.

## मग सगळेच मोठे शोध असे लागतात का?

मुळीच नाही. रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाच्या परजीवीच्या खुणा पाहिल्या. दिवसेंदिवस डास चिरून तो नेमकं तेच शोधत होता. वॉलपोलच्या अटीप्रमाणे ही सेरेंडिपिटी नाही, आणि त्यामुळे तिचं मोल तसूभरही कमी होत नाही. बहुतेक विज्ञान असंच, ठरवून आणि घाम गाळून होतं. लुई पाश्चरने १८५४ मध्ये फ्रान्समधल्या दुए शहरात केलेल्या भाषणातलं वाक्य सगळीकडे उद्धृत होतं: निरीक्षणाच्या क्षेत्रात योगायोग फक्त तयारीच्या मनावर मेहरबान होतो. त्यातला 'फक्त' महत्त्वाचा.

## योगायोग मुद्दाम घडवता येतो का?

योगायोग नाही घडवता येत. पण तो आला तर त्याच्याकडे बघायला सवड आणि मुभा आहे की नाही, हे मात्र आपल्या हातात असतं. प्रिन्सेपला कुणी 'तुझं काम छपाईचं, अक्षरांत डोकं घालू नकोस' म्हणालं नाही. राँटगेनला ठरलेला प्रयोग सोडून पडद्यामागे लागता आलं. आज संशोधनासाठी निधी मागताना काय सापडणार आहे आणि कोणत्या तिमाहीत, हे आधीच लिहून द्यावं लागतं. सार्वजनिक पैशाचा हिशेब हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण अर्जात नसलेलं काही दिसलं तर त्याच्यामागे सहा महिने जायची सोयही त्याच हिशेबात असायला हवी.

आणि खरं नुकसान त्याच्याही कितीतरी आधी होतं, अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत. लंबकाचा प्रयोग आठवा. जी ची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत ९.८ यायला हवी हे मुलांना आधीच ठाऊक असतं. येते ९.३. मग उत्तराकडून उलटं गणित करून आंदोलनांचा वेळ दुरुस्त केला जातो, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून वाचनं उतरवली जातात आणि परीक्षक खूश होतात. आंदोलन फार रुंद झालं का, दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली की फक्त वरच्या टोकापर्यंत, घड्याळ उशिरा थांबवलं का, हे विचारायची वेळच येत नाही. शोधात नसलेली एक गोष्ट त्या मुलाच्या समोर आली होती, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्याचेच त्याला मार्क मिळाले.

यावर करता येण्याजोगी एक गोष्ट आहे आणि तिला काही खर्च नाही. जर्नलमध्ये निष्कर्षाच्या खाली एक ओळ वाढवावी: अपेक्षेपेक्षा वेगळं काय दिसलं आणि ते कशामुळे असेल? त्या ओळीला मार्क ठेवावेत, आणि ९.३ लिहून तिचं कारण शोधणाऱ्या मुलाला ९.८ उतरवून काढणाऱ्यापेक्षा जास्त द्यावेत.